कवडू कुठे गेला?

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागातल्या कुठल्याही गावाची मतदार यादी घ्या. मूल घ्या, सिंदेवाही घ्या, आरमोरी घ्या. नावावर बोट ठेवायचं आणि वयाच्या रकान्याकडे बघत खाली यायचं. ऐंशीच्या पुढे कवडू, उकंडा, सोमा, मंगरू, गिरजा, सखू, पार्वता. सत्तरीत मारोती, नामदेव, देवराव, वच्छला, शकुंतला. पन्नाशी-साठीत सुरेश, रमेश, सुनीता, अनिता. चाळिशीत प्रमोद, विनोद, वैशाली, रूपाली. पंचविशीत आकाश, अक्षय, प्रणय, प्रतीक्षा. यादी संपली की शेजारच्या अंगणवाडीत डोकवा. तिथे आरव, रियांश, शिवांश, स्वरा बसलेत.

वीस वर्षांचा कवडू मात्र सापडत नाही. मी बरंच शोधलं. कुठे गेला तो?

विचारलं की लोक एका शब्दात सांगतात, फॅशन. टीव्ही आला, मोबाइल आला, नावं बदलली. हे उत्तर आळशी आहे. मोबाइल यायच्या कितीतरी आधी कवडू ठेवणं थांबलं होतं. कवडू गेला, कारण लेकरं जगायला लागली.

ज्या घरात दोन-तीन लेकरं पाळण्यातच गेली, त्या घरात पुढचं लेकरू जन्मलं की माय घाबरायची. यालाही नेलं तर? मग ते लेकरू आपलं नाहीच, असं दाखवायचं. शेजारणीच्या ओटीत टाकायचं आणि एक कवडी देऊन परत विकत घ्यायचं. झाला कवडू. नाहीतर उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं आणि उचलून आणायचं. झाला उकंडा. जे कवडीमोल आहे, जे केरात पडलं आहे, त्याच्याकडे मृत्यू कशाला बघेल? पश्चिम महाराष्ट्रात दगडू, धोंडू, केरू झाले ते याच भीतीतून. बंगालात तिनकोडी आणि पाचकोडी झाले, म्हणजे तीन कवड्यांचा, पाच कवड्यांचा. पूर्व पाकिस्तानातून येऊन चामोर्शी-मुलचेऱ्यात वसलेल्या बंगाली आज्यांना कवडूचा अर्थ सांगावा लागणार नाही. कवडी तीच, भीतीही तीच.

ही भीती किती खरी होती? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या आपल्या कामाच्या गावांत १९८८ साली मोजलं, तेव्हा जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत होती. म्हणजे आठातलं एक. गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, त्या घरी जाऊन नवजात बाळाला जपू लागल्या, आणि २००३ पर्यंत हा आकडा ३० वर आला. या कामाचा पहिला मोठा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि पुढे जगभर गेला. त्या अहवालात कवडूचा उल्लेख नाही. पण आधीच मागे पडलेल्या कवडूला शेवटचा निरोप दिला तो न्युमोनिया ओळखणाऱ्या बायांनी, लसीनं, सलाइननं, रस्त्यानं. मायला लेकराचं खोटं मोल सांगण्याची गरज उरली नाही. तिथून पुढे ती न घाबरता आकाश, प्रतीक्षा म्हणू शकली.

म्हणून कुणी कवडू या नावाला हसलं की मला राग येतो. ते नाव अडाणीपणाचं नाही. लेकरू जगावं म्हणून एका बाईनं लढवलेली ती शेवटची युक्ती आहे. नकोशीची गोष्ट अगदी वेगळी. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेनं 'नकोशी', 'नकुसा' अशी नावं असलेल्या २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली. योग्यच केलं. कागदावर कवडू आणि नकोशी शेजारी शेजारी बसतील, दोन्ही हलकी वाटतील. पण एकात लेकरू हवं होतं, दुसऱ्यात नको होतं.

सोमा, मंगरू, बुधा, सुकरू यांचा हिशेब सोपा आहे. ज्या वारी जन्मला तो वार. तारीख कुणाच्या ध्यानात राहत नव्हती, बाजाराचा वार राहत होता.

आणि हा भाग सरहद्दीचा, हे विसरू नका. अहेरी सोडून सिरोंच्याकडे उतरा, गोदावरी-प्राणहितेच्या काठानं नावांना तेलुगू शेपूट येतं: राजय्या, मल्लय्या, समय्या. कोरची-कुरखेड्याकडे चढा, छत्तीसगडच्या वाऱ्यानं मनीराम, सुखराम, बुधराम भेटतात. चंद्रपूरच्या मातीतला माणूस राज्याचा मुख्यमंत्री झाला, मारोतराव कन्नमवार. नाव मारोतराव, वडिलांचं सांबशिव, आडनावाला तेलुगू चाल. पश्चिमेकडे तो मारुती, आमच्याकडे मारोती. पूर्वी नुसतं नाव ऐकून माणूस कुठल्या नदीच्या काठचा ते सांगता यायचं. आज आरव सिरोंच्यातही आहे आणि पुण्यातही आहे, आणि नावावरून काहीच कळत नाही.

आता १९५६ कडे येतो. मोठ्या बदलाच्या वेळी नावं कशी पालटतात ते बघायचं तर चंद्रपूरपेक्षा चांगली जागा नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचा नियम आहे. ब्राह्मणाच्या नावात मांगल्य, क्षत्रियाच्या नावात बळ, वैश्याच्या नावात धन आणि शूद्राच्या नावात किळस असावी, असा. जो ग्रंथ बाबासाहेबांच्या उपस्थितीत महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला, तोच हा. नियम नुसता पोथीत नव्हता. अनेक गावांत महारवाड्यातल्या पोराला बरं नाव ठेवलं की गावाला ते खपत नसे, आणि ठेवलंच तर हाक मारताना त्याला 'या' लागायचा. कवडू हे आईनं भीतीपोटी निवडलेलं नाव होतं. हे मात्र दुसऱ्यांनी लादलेलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चांद्याला आले. तेव्हा हे शहर चांदा होतं आणि मध्य प्रदेशात होतं. मुंबई राज्यात यायला अजून दोन आठवडे होते. लोकांनी दीक्षा घेतली. त्यानंतर ५१ दिवसांनी बाबासाहेब गेले. पण पुढच्या बारशांपासून पाळण्यात सिद्धार्थ आला, गौतम आला, राहुल, आनंद, मिलिंद, अशोक आले. सुजाता, यशोधरा, विशाखा, संघमित्रा, प्रज्ञा, करुणा आल्या. मुंबईतलं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं, औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालयही बाबासाहेबांच्याच संस्थेचं. ज्या बापानं शाळेची पायरी चढली नव्हती, त्यानं पोराला कॉलेजचं नाव दिलं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची नावं एका पिढीत घराघरात आली. कुणाला फॅशन बघायची असेल तर त्यानं नंतरचं बघावं: राहुल पुढे सगळ्या जातींच्या घरांत दिसू लागला.

हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी नावांच्या चढ-उतारावर २००० साली 'अ मॅटर ऑफ टेस्ट' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाहेर काही घडलं नाही तरी नावं बदलतातच. एक नाव फार झालं की आई-बाप त्यापासून दूर सरकतात, पण फार दूर जात नाहीत. त्याच आवाजाचं, जरा वेगळं नाव घेतात. आपल्याकडे पडताळून बघा. सुरेश, रमेश, महेश, दिनेश, राजेश, सगळे 'एश'चे. सुनीता, अनिता, सविता, कविता, संगीता, सगळ्या 'ता'च्या. वैशाली, रूपाली, दीपाली, सोनाली 'ली'च्या. आता आरव, आरुष, आरोही, आर्या, आणि शिवांश, देवांश, रियांश. आपलं लेकरू वेगळं दिसावं म्हणून प्रत्येक घर वेगळं नाव शोधतं आणि त्याच वर्षी अंगणवाडीत चार 'अंश' एका ओळीत बसतात. कधी नाव तेच राहतं आणि त्यामागचा माणूस बदलतो, जसा सचिन. तेंडुलकरांच्या घरी संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून नाव ठेवलं, आणि १९८९ नंतर ते क्रिकेटचं नाव झालं. गाणं विसरलं गेलं, बॅट लक्षात राहिली.

इथवर मी लीबरसन यांच्यासोबत आहे. भामरागड-एटापल्लीकडे गेलं की त्यांचा नियम अपुरा पडतो. माडिया घरांत जुनी समज आहे की लेकरू म्हणजे घरातलं गेलेलं माणूस परत आलेलं. अंगावरची खूण बघायची, कुणाच्या नावानं रडणं थांबतं ते बघायचं आणि तेच नाव ठेवायचं. तिथे नाव जुनं होत नाही. आजा गेला की नातवात येतो. आपल्याकडेही आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत होतीच, फक्त सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून हाकेला दुसरं नाव असायचं.

हा धागा तुटला तो हजेरीपटावर. त्याआधीचा कागद म्हणजे गावच्या कोतवालाचं जन्म-मृत्यूचं बुक. त्यात पुष्कळदा बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच, कारण नोंद आधी आणि नाव मागून. कोतवालाच्या बुकात लेकराला नाव नव्हतं, शाळेत मास्तरनं दिलं. सोमाचा सोमेश्वर झाला, मंगरूचा मंगेश झाला, मायनं सांगितलेलं गोंडी नाव मास्तरच्या कानाला अवघड गेलं म्हणून भलतंच लिहिलं गेलं. मास्तरच्या मनात वाईट नव्हतं हे मी मानतो. परिणाम मात्र वाईट झाला. घरी एक माणूस आणि शाळेत दुसरा. पुढे नक्षलवाद्यांसोबत जंगलात गेलेल्या पोरापोरींना त्यांच्या दलमनं तिसरं नाव दिलं, आणि मायनं ठेवलेलं नाव पोलिसांच्या यादीत 'ऊर्फ'च्या पलीकडे जाऊन बसलं.

याची किंमत आज मोजावी लागते, ती जात पडताळणीत. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. आज्याचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. चिन्नाचा छिन्ना झालेला. तो एकच माणूस हे सिद्ध करायला पोरगी कोतवाल बुकाची नक्कल घेऊन तहसीलच्या चकरा मारते आणि तिकडे प्रवेशाची मुदत निघून जाते. नाव ही हौसेची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यानं त्या पोरीसोबत एक दिवस रांगेत उभं राहावं.

परवा सिंदेवाहीच्या बसमध्ये एक आजी भेटली. मांडीवर नात. नाव विचारलं. म्हणाली, "कागदावर का हाय त मास्तरले इचार बाबू. मी त तिले चिमनीच म्हनतो." झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'र' होतो. प्रणाली तिच्या तोंडी परनाली होणार, मृणालचं काय होईल ते तिलाच माहीत. सुनेनं मोबाइलवर शोधलेलं नाव सासूच्या जिभेला येत नाही, म्हणून ती चिमनी म्हणते. प्रेम कमी नाही. पण स्वतःच्या नातीला तिच्या नावानं हाक मारता येऊ नये, हे मला सलतं.

ताडोब्याचं बघा. एका दांडग्या वाघाला वाघडोह म्हणायचे, तिथल्या डोहावरून. वाघाला डोहाचं नाव मिळालं. आमच्या लेकरांना वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, मोह, पळस यांतलं काय मिळतं? इंद्रावती हे नाव एखाद्या मुलीला शोभणार नाही का?

लोक म्हणतील, जुनी नावं हलकी आहेत, पोराला वर्गात चिडवतील. चंद्रपूर ज्यानं वसवलं तो गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह. अंगावर खांडकं होती, झरपट नदीच्या पाण्यानं बरी झाली अशी आख्यायिका, म्हणून खांडक्या. राजाच्या नावाआधी गळवाचं नाव आहे आणि कुणी ते पुसलं नाही. ज्यांच्या भजनांनी १९४२ चं चिमूर पेटलं ते तुकडोजी महाराज मूळचे माणिक. गुरू आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं. माणिकापेक्षा भाकरीचा तुकडा मोठा झाला. नाव हलकं किंवा भारी असं काही नसतं. माणूस आणि त्याच्या मागची माणसं ते ठरवतात.

तीन-चार पिढ्यांनी नावं परत येतात, हे जगात पुष्कळ ठिकाणी दिसतं. पणजीचं नाव आईला जुनाट वाटतं, पणतीला गोड वाटतं. मुक्ता आली, मल्हार आला, रमा आली. पण परत येतात ती ज्यांच्या घरची, ती घरं बघा. पुण्या-मुंबईच्या वाड्यातली नावं परत येतात, उकिरड्यावरची येत नाहीत. कवडू परतणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. ज्या भीतीनं तो आला ती परत यावी असं कोण म्हणेल? दुःख वेगळ्याच नावांचं आहे. ज्यांच्यात भीती नव्हती, फक्त आपली भाषा होती, तीही त्याच्यासोबत गेली.

ती मात्र परत येऊ शकतात. येऊ लागलीही आहेत. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. नागपूरच्या मोतीरावण कंगालींनी गोंडी भाषेवर आयुष्य वेचलं, ते २०१५ साली गेले, पण त्यांच्या पुस्तकांतून निघालेली नावं तरुण आई-बापांच्या तोंडी ऐकू येतात. बिरसा आहे, लिंगो आहे. गोंड राणी हिराईचं नाव लेकीला ठेवणारी घरं आहेत. चांद्याच्या तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी फासावर गेलेल्या बाबुराव शेडमाकेंचं नाव चौकाला देऊन भागत नाही. चांद्याच्या महारवाड्यानं १९५६ नंतर जे केलं, ते आज गोंड आणि माडिया घरं करू पाहत आहेत. नाव आपण निवडायचं, आणि अभिमानानं निवडायचं. कुणी हसलं तरी.

अंगणवाडी ताईंना, ग्रामसेवकांना, मास्तरांना माझी विनंती आहे. माय जे नाव सांगते तेच लिहा. दोनदा विचारा, तिला वाचून दाखवा, तुमच्या कानाला सोपं पडावं म्हणून बदलू नका. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं आहे, मग बापाचं, मग आडनाव. त्या आईचंही नाव ती सांगेल तसंच लिहा.

आणि आई-बापांनो, घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नावाची नाही. नाव १२ महिन्यांपर्यंत काहीही शुल्क न भरता घालता येतं, नंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळेपासून आधारपर्यंत हाच जन्माचा दाखला लागणार आहे, म्हणून नाव पहिल्यांदाच नीट लिहा. त्या १२ महिन्यांत एक दिवस आजीजवळ बसा. तिच्या आईचं नाव विचारा, तिच्या आजीचं विचारा. मग तुम्हाला आवडेल ते ठेवा, पण दाखल्यावर चढवण्याआधी ते नाव आजीला एकदा मोठ्यानं म्हणायला लावा.